वरवंटा, साबण आणि पेंडीच्या पोत्याचा दोरा

मिक्सर आला आणि पाटा-वरवंटा स्वयंपाकघरातून उठला. कुठे तो मोरीच्या कडेला गेला, कुठे परसात भिंतीला टेकून उभा राहिला. पण घरात गोधडी शिवायला घेतली की त्याला पुन्हा आत बोलावणं येतं. सारवलेल्या नाहीतर फरशीच्या जमिनीवर जुनी लुगडी एकावर एक अंथरली की चार कोपऱ्यांना चार वजनं लागतात. एकावर पाटा, दुसऱ्यावर वरवंटा, तिसऱ्यावर पाण्याने भरलेली कळशी आणि चौथ्यावर घरातलं जे पोर पाच मिनिटं गप्प बसेल ते. चौथं वजन सगळ्यात बेभरवशाचं.

नरसिंहपूर हे इंदापूर तालुक्यातलं गाव म्हणजे पुणे जिल्ह्याचं आग्नेय टोक. नीरा आणि भीमा इथे एकमेकींना मिळतात आणि पात्र ओलांडलं की सोलापूर जिल्हा लागतो. लक्ष्मी-नृसिंहाच्या देवळामुळे गावाचं नाव दूरवर माहीत आहे. इथली मूर्ती प्रल्हादाने वाळूची घडवली, अशी श्रद्धा आहे. वैशाखात नृसिंह जयंतीला गाव भरून जातं. गोधडीचा हंगामही साधारण तोच. शेतातली कामं उरकलेली असतात, दुपार लांबते, ओसरीवर सावली असते आणि चौघी-पाचजणींना एका अंथरणाभोवती बसायला सवड सापडते.

गोधडीची परीक्षा मात्र भाद्रपदाच्या शेवटी होते. घट बसायच्या आत घरातलं सगळं अंथरूण-पांघरूण धुवायचं, ही महाराष्ट्रभरची रीत आहे. नदीकाठच्या गावांत त्या दिवसांत घाटावर पाय ठेवायला जागा नसते. भिजलेली गोधडी एकटीला उचलत नाही. ती पायाखाली तुडवली जाते, दगडावर आपटली जाते, दोन टोकं दोघींनी धरून पिळली जाते. ज्या शिवणीला हे सोसायचं आहे ती नाजूक असून भागत नाही. गोधडीवरचा दाट धावदोरा बघणाऱ्याला नक्षी वाटतो. आतल्या घड्या धुण्यात गोळा होऊ नयेत, हे त्याचं पहिलं काम.

गोधडीला विकतचं असं फार थोडं लागतं. नऊवारी लुगडं सुमारे सव्वाआठ मीटर लांब. त्याच्या चार घड्या घातल्या की माणसाच्या उंचीला पुरेल असा दोन मीटरचा चार पदरी तुकडा होतो. अशी दोन लुगडी शेजारी-शेजारी जोडली की अंगभर रुंदी मिळते. वर-खाली धडकं धोतर किंवा साडी, मध्ये विरलेलं, फाटलेलं, शर्टाची पाठ, उशीचा अभ्रा, काहीही. काठ मात्र कुणी आत टाकत नाही. त्याची वीण दाट असते, म्हणून तो उसवून गोधडीच्या चारी बाजूंना लावतात. कडा सगळ्यात आधी झिजते हे शिवणारीला माहीत असतं.

थर पसरल्यावर ते हलू नयेत म्हणून आधी मोठमोठे कच्चे टाके घालतात. ते मधून सुरू करून कडेकडे न्यायचे, म्हणजे सुरकुती बाहेर निघून जाते. कडेकडून आत आलं तर सगळा फुगवटा मध्यावर जमतो आणि मग तो कुणाच्या बापाला जिरत नाही. जिला कच्च्या टाक्यांचा कंटाळा, ती हातातल्या बांगड्यांना अडकवलेल्या सेफ्टी पिना काढते. मंगळसूत्राला दोन, बांगड्यांना चार, ही मराठी बाईची चालती-फिरती शिवणपेटी. परदेशात गोधडी शिवणाऱ्या बायका ह्याच कामासाठी किंचित वाकवलेल्या खास पिना विकत घेतात. त्या बऱ्या असतात, कारण वाकडी पीन थर न उचलता खालून वर येते. साधी पीन चिमटीत धरून जरा वाकवली की तेच काम होतं. पिना कमी पडल्या तर दोरीवरचे कपड्यांचे चिमटे आहेतच. कडेचे थर धरून ठेवायला ते पिनेपेक्षा चांगले, कारण कापडाला भोक पडत नाही.

खुणा करायला साबण. अंगाचा साबण झिजून पातळ पापुद्रा झाला की तो न्हाणीघरातून शिवणाच्या डब्यात जातो. शिंप्याच्या खडूला हा सरस पर्याय आहे. त्याची कड धारदार राहते, गडद कापडावर रेघ स्वच्छ उमटते आणि पहिल्याच धुण्यात निघून जाते. साबण पूर्ण वाळलेला मात्र हवा. मलई, तेल घातलेले हल्लीचे मऊ साबण ह्या कामाचे नाहीत. रेघेच्या जागी तेलकट डाग राहतो. कपडे धुण्याच्या कडक वडीचा तुकडा त्याहून विश्वासू. तोच तुकडा सुया टोचून ठेवायलाही चालतो आणि सुई कापडातून सुळकन जाते. पण दमट हवेत ती तिथेच विसरली तर गंजते, म्हणून पावसाळ्यात सुया लोकरीच्या नाहीतर केसांच्या पुरचुंडीत. विंचरताना निघालेले केस कापडात भरून केलेली ही गादी आता फारशी दिसत नाही. केसांना लागलेलं तेल सुईला गंजू देत नाही, ही त्यातली मेख. शिवता शिवता सुई केसांतून फिरवायची जुनी सवयही त्यातलीच. तेलाचा अंश लागला की जाड थरातून ती कमी अडते.

गोल काढायला ताट, वाटी, पेला हे तर कुणालाही सुचतं. बांगडीचं गणित अधिक मजेचं आहे. कासाराकडे बांगडीचं माप दोन-चार, दोन-सहा, दोन-आठ असं सांगतात. दोन म्हणजे दोन इंच आणि पुढचा आकडा इंचाच्या सोळाव्या भागांचा. दोन-चार म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. म्हणजे सासू, सून आणि चौथीतली नात अशा तिघींच्या हातात तीन वेगवेगळ्या मापांचे नेमके गोल तयार असतात, इंचाच्या आठव्या हिश्शापर्यंत खात्रीचे. रेघ आतून ओढायची एवढंच लक्षात ठेवायचं. बाहेरून ओढली तर काचेची जाडी मापात येते. पातळ कापड ताणून त्यावर दोन टाके घालायचे असतील तर एक बांगडी खाली आणि जरा सैल बसणारी दुसरी वर, ही भरतकामाची रिंगही होते. तिथे काचेची नको, प्लास्टिकची घ्यावी.

त्रिकोण-चौकोनाच्या चिंध्या एका मापात कापायच्या तर लग्नपत्रिका. तिचा पुठ्ठा जाड असतो, कडा सरळ असतात आणि कोणत्याही घरात तिचा तुटवडा नसतो. ब्लाउजच्या कटिंगला वर्तमानपत्र चालतं, पण पांढऱ्या कापडाला शाई लागते. म्हणून कॅलेंडरची सरलेली पानं जपून ठेवतात. जयंतराव साळगावकरांनी 1973 मध्ये ‘कालनिर्णय’ काढलं तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पंचांग होतं. पुढच्या पानावरची एकादशी आणि मागच्या पानावरचा मजकूर यांच्यासकट त्यातून बाहीचा आकार कापला जाईल, हे त्यांनी धरलं नसावं. कागद गुळगुळीत, घडी पडत नाही, आणि कोणत्या महिन्यात कुणाचं माप घेतलं होतं तेही कळतं.

दोऱ्याची गोष्ट ह्या भागाला खास लागू आहे. बारामती आणि इंदापूर हे उसाचे तसे दुधाचे तालुके. गोठा असलेल्या घरात पेंडीची पोती सतत येतात. पोत्याचं तोंड शिवलेलं असतं साखळी टाक्याने. त्यात प्रत्येक फास पुढच्या फासाने धरून ठेवलेला असतो. बरोबर टोक सापडलं आणि शेवटचा फास सोडवला की एका ओढीत सगळी शिवण सर्रकन उसवते. चुकीच्या टोकाने कितीही ओढा, ती घट्टच राहते. शेतकऱ्याच्या घरातल्या पोरालाही ते टोक माहीत असतं. नव्याने गाय घेतलेला माणूस मात्र पोत्याला विळा लावतो आणि दोऱ्याचे तुकडे करून ठेवतो. शिवणाऱ्या बाईच्या दृष्टीने हा गुन्हाच, कारण साखळी टाका दोरा भरपूर खातो. एकेरी दोऱ्याच्या शिवणीत शिवणीच्या लांबीच्या तीन-चार पट दोरा असतो. पोत्याचं तोंड दोन फुटांचं धरलं तरी सहा-आठ फूट मजबूत, जाड दोरा फुकट हाती येतो. तो पुठ्ठ्यावर गुंडाळत गेलं की उन्हाळ्यापर्यंत गोधडीपुरता होतो. कापसाच्या रिळापेक्षा तो जाडा असतो, सुईही मोठ्या नेढ्याची लागते, पण घाटावरच्या दगडाला तो पुरून उरतो.

दोऱ्याला मेण लावायचं. मेणामुळे दोऱ्याचा पीळ सुटत नाही, गुंता होत नाही आणि कापडातून जाताना तो कमी झिजतो. मधाच्या पोळ्याचं मेण उत्तम. ते मिळालं नाही की वीज गेल्यावर लावायची मेणबत्ती पुढे येते. मेणबत्तीचं मेण ठिसूळ असतं, त्याचा भुगा पडतो, म्हणून दोरा त्यातून ओढल्यावर बोटांच्या उबेने चोळून बसवायचा. बोटाला अंगुस्ताना असला तर बरा. नसला तर सायकलच्या फाटक्या ट्यूबचं कडं कापून बोटात घालतात. सुई अडली की ती पकडून ओढायलाही हेच रबर कामाला येतं. चार-सहा पदरांतून सुई ओढताना बोटं घसरतात तेव्हा पक्कड शोधत बसण्यापेक्षा हे सोपं.

पोत्याचा दोरा जपणारी बाई इंदापुरात जशी आहे तशीच ती मंदीच्या काळातल्या अमेरिकेतही होती. 1930 च्या दशकात तिथे पीठ, साखर, कोंबड्यांचं खाद्य सुती पोत्यांतून येई. घरोघरी त्या पोत्यांचे फ्रॉक, अभ्रे आणि गोधड्या होतात हे लक्षात आल्यावर कंपन्यांनी पोत्यांवर फुलापानांची छपाई सुरू केली. मग एकाच नक्षीची पुरेशी पोती मिळावीत म्हणून बायका नवऱ्यांना बजावून दुकानात धाडू लागल्या. आपल्याकडे पोतं सहसा सुती नसे. आधी गोणपाट आणि आता प्लास्टिकच्या पट्ट्यांची वीण. युरियाची गोणी 2018 पासून पन्नासऐवजी 45 किलोची झाली, म्हणजे कापडही जरा घटलं. उकललेल्या गोण्या एकमेकींना जोडून गोधडीखाली अंथरतात, ओल वर येऊ नये म्हणून. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांच्या कोप्यांत हेच अंथरूण असतं. बाळाच्या दुपट्याला मात्र गोणीचा धागाही लागू देत नाहीत. तिथे शंभरदा धुतलेलं सुती लुगडंच हवं.

दोरा वाचवण्याची रीत आणखीही कुठे कुठे आहे. बंगालातल्या जुन्या कांथ्यांवरची रंगीत चित्रं साडीच्या काठातून उसवलेल्या धाग्यांनी भरलेली असत. कर्नाटकात, उत्तर कन्नडच्या रानातल्या सिद्दी बायका चिंध्यांची कवंदी शिवतात आणि तिच्या चारी कोपऱ्यांना घड्या घातलेल्या कापडाचं त्रिकोणी फूल लावतात. फुलाशिवाय कवंदी त्यांच्या लेखी उघडी. अमेरिकेत अलाबामा नदीच्या एका वळणावर गीज बेंड नावाची कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. तिथल्या बायका शेतात घालून झिजलेल्या पॅंटींच्या गोधड्या करत. 2002 मध्ये त्या गोधड्या ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात भिंतीवर लागल्या, पुढे न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात गेल्या, आणि 2006 मध्ये त्यांच्यावर टपाल तिकिटं निघाली. आपली गोधडी अजून तरी भिंतीपेक्षा खाटेवर जास्त असते. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्यांवर इंग्रजीत अख्खं पुस्तक केलं, हे मराठी वाचकाला फारसं ठाऊक नाही.

घरातलं कापड दुसऱ्या कामाला लावणं ह्या पट्ट्यात केवळ काटकसरीचं लक्षण मानलं जात नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून इंदापूरकडे निघते तेव्हा काटेवाडीत परीट समाज तिच्यापुढे धोतरांच्या पायघड्या घालतो. पालखी पुढे सरकते तशी मागची धोतरं उचलून पुढे आणली जातात. धुण्याच्या धोतराला याहून मोठं दुसरं काम सापडणार नाही.

शिवणयंत्र आलं तरी घरची अवजारं सुटली नाहीत, उलट त्यांत भर पडली. आयझॅक सिंगरने 1851 मध्ये आपल्या यंत्राचं पेटंट घेतलं. आपल्याकडे गावोगावी दिसतं ते काळं, सोनेरी वेलबुट्टीचं, पायाने चालवायचं यंत्र बहुधा ‘उषा’चं. त्याच्या पट्टीवर सुईपासून अर्ध्या इंचावर एक टिकली चिकटवायची. कापडाची कड टिकलीला घासून गेली की शिलाई सरळ. टिकली अंधुक उजेडातही दिसते, काढली की मागे काही राहत नाही, आणि हरवली तर आरशावर आणखी दहा असतात. बाहीवर खुणा करायलाही टिकल्या लावतात, फक्त इस्त्रीआधी काढायच्या, नाहीतर गोंद वितळून बसतो. इस्त्री म्हटलं तर एकेकाळी तांब्यात निखारे घालून तोच कापडावरून फिरवायचे. त्याचं बूड सपाट आणि गुळगुळीत, उष्णता सावकाश उतरे. सुती कापडाला तो पुरेसा होता. आजच्या सिंथेटिक साडीवर तो टेकवला तर साडी तांब्यासोबत वर येईल.

बारामतीच्या एमआयडीसीत टेक्सटाइल पार्क उभा राहिल्यापासून आसपासच्या गावांतल्या कित्येकजणी तिथल्या वेगवान यंत्रांवर काम करतात. निर्यातीचे कपडे शिवणाऱ्या कारखान्यांत एक कडक नियम असतो. सुई मोडली की तिचे सगळे तुकडे शोधून कागदावर चिकटवून दाखवायचे, तेव्हा नवी सुई मिळते. शिवाय कपडा धातुशोधक यंत्राखालून जातो. घरी हे काम जुन्या रेडिओच्या स्पीकरमधलं लोहचुंबक करतं. सुताच्या दोरीला बांधून ते जमिनीवरून फिरवलं की हरवलेल्या सुया, टाचण्या आणि हूक चिकटून येतात. रांगतं मूल असलेल्या घरात हा स्पीकर फेकू नये.

नाडी घालायला दात घासायचा जुना ब्रश. ब्रश घ्यायचा तो दांड्याच्या टोकाला भोक असलेला. नाडी त्यात ओवायची आणि नेफ्यातून सरकवायची. सेफ्टी पीन आत उघडते आणि मग जो घोळ होतो तो परकर नेसणाऱ्या प्रत्येकीने भोगलेला आहे. ब्रश उघडत नाही. हल्ली निघणाऱ्या ब्रशांना भोक नसतं, ही ब्रश कंपन्यांनी शिवणाऱ्या जगाची केलेली गैरसोय म्हणावी लागेल.

घरातली प्रत्येक वस्तू शिवणाला चालते असं मात्र नाही. यंत्राला खोबरेल कधी घालू नये. ते पंचवीस अंशांच्या खाली थिजतं, एरवी सुकून चिकट होतं, आणि मार्गशीर्षात सकाळी यंत्राचं चाक हलत नाही. मग रॉकेल घालून ते सोडवत बसावं लागतं. शंभर रुपयांच्या आतला मशिनचा तेलबुधला इथे खरोखर स्वस्त पडतो. उसवायला दाढीचं ब्लेड वापरतात, तेही अर्धं मोडून. काम झटपट होतं, पण कापड आणि अंगठा दोन्ही कापले जातात. उसवायची छोटी दोन टोकी सुरी पुण्याच्या रविवार पेठेपासून इंदापूरच्या शिवण साहित्याच्या दुकानापर्यंत सगळीकडे मिळते, ती घ्यावी.

विकतच्या अवजारांचा मूळ शोध कधी कधी घरातूनच लागलेला असतो, हेही आहे. ओल्फा ही जपानी कंपनी मोडत्या पात्याच्या चाकूसाठी प्रसिद्ध आहे. तो चाकू 1956 मध्ये काढणाऱ्या योशिओ ओकादाला कल्पना सुचली ती चॉकलेटच्या वडीच्या मोडत्या चौकोनांवरून. त्याच कंपनीने 1979 मध्ये गोल पात्याचं कटर आणलं आणि जगभरच्या गोधडीवाल्यांचं कापायचं तंत्र बदललं. एका फिरवणीत कापडाचे अनेक थर सरळ कापले जाऊ लागले. त्याला खाली खास चटई लागते, पट्टी लागते, पाती बदलावी लागतात. विणीच्या दिशेने टरकन फाडलेलं जुनं लुगडं त्याहून सरळ फाटतं आणि त्याला काहीच लागत नाही, हेही त्या कटरच्या जाहिरातीत सांगायला हवं.

कात्री मात्र चांगली हवी, आणि ती एकाच कामाची. मेरठच्या कात्र्यांना 2013 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिथले कारागीर भंगारातल्या पोलादापासून त्या घडवतात आणि धार गेली की पुन्हा लावता येते. धार उतरली तर पॉलिश पेपरची घडी घालून तो दहा-बारा वेळा कापावा, तात्पुरतं काम भागतं. खरी धार सायकलच्या चाकावर सहाण फिरवणाऱ्याकडूनच. कापडाच्या कात्रीने कागद कापायचा नाही, ह्या एका नियमावर बहुतेक शिवणाऱ्या बायका घरादाराशी भांडलेल्या असतात. कागदातली खनिजं धार खातात, त्यामुळे त्यांचंच खरं असतं. शाळेचा प्रकल्प, दुधाची पिशवी, कोथिंबिरीची जुडी, ह्या तिघांपासून वाचवायला कात्री धान्याच्या डब्यात किंवा देवघराच्या फळीवर ठेवतात. दुधाच्या पिशवीला दुसरी कात्री असते, ती कधीच सापडत नाही.